आपली आपण पारख

गिरगावात ‘प्रार्थना समाज’ नावाचा बसथांबा आहे. रोज शेकडो माणसे तिथे उतरतात; कुणी भाजीला, कुणी दवाखान्यात, कुणी घरी. त्यांतल्या कुणालाही नावाचे कारण विचारा. “नाव आहे हो स्टॉपचं!” असे उत्तर येईल, आणि त्यात त्यांची चूक तरी काय? थांब्यांची नावे लक्षात ठेवायची ती उतरण्यासाठी.

पण वाचकहो, त्या नावामागे एक फार धीट विचार आहे. ३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या स्नेह्यांनी मुंबईत प्रार्थना समाज काढला. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्यात आले. ईश्वर एक आहे, त्याची प्रेमाने उपासना करावी. पण अमुक ग्रंथ प्रत्यक्ष त्यानेच सांगितला, म्हणून त्यातला शब्द न् शब्द प्रमाण, असे मात्र मानायचे नाही, ही त्यांची भूमिका. मग उपासनेत गायचे काय? तर तुकोबांचे अभंग! देव नाकारण्याची त्यांना हौस नव्हती. देव आणि आपण ह्यांच्यामध्ये पहारेकरी नको, एवढेच त्यांचे म्हणणे.

त्याआधी १८४९ च्या सुमारास आत्मारामपंतांचे वडील बंधू दादोबा पांडुरंग (तेच व्याकरणवाले!) ह्यांच्या मंडळींनी परमहंस सभा काढली होती. तिचा सगळा कारभार गुपचूप. सभासद व्हायचे तर पाव खायचा. आज आपण चहात बुडवून खातो तोच. पण त्या काळी परधर्मीयाच्या हातचा पाव म्हणजे जात गेलीच! १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीला गेले, नावे बाहेर फुटणार अशी धास्ती पडली आणि सभा विस्कटली. मला वाटते, त्या मंडळींनी शास्त्र्यांचा धाक सोडला होता, शेजाऱ्यांचा सोडला नव्हता. शिवाय पाव खाल्ल्याने आपण कुणाचे ऐकत नाही एवढे कळते. आपल्याला काय पटले आहे ते कळत नाही.

त्याच सुमारास ह्याच मुंबईत करसनदास मुळजींनी आपल्या गुजराती ‘सत्यप्रकाश’ पत्रात वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. महाराजांविरुद्ध कुणी साक्ष देऊ नये म्हणून जातीच्या पुढाऱ्यांनी एका केली; त्याबद्दल त्यांच्यावर निराळा खटला होऊन दंड झाला. तरी साक्षी झाल्याच, डॉ. भाऊ दाजी लाडसुद्धा उभे राहिले. एप्रिल १८६२ मध्ये करसनदास सुटले. मला ह्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की करसनदास स्वतः वैष्णवच होते. परक्याने बोट दाखवणे सोपे असते. आपल्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या पायांवर डोके ठेवले, त्यांच्याकडे मान वर करून पाहायला निराळी छाती लागते.

ही छाती सदासर्वकाळ टिकतेच असे नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण उपटले, तेव्हा रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. त्यांना ते पटले होते म्हणून नव्हे, तर बरोबरच्या मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून. रमाबाईंनी आपल्या आठवणींत त्या वेळची स्वतःची तगमग लिहून ठेवली आहे. लोकांनी तेव्हा रानड्यांना नावे ठेवली. मला ठेववत नाहीत. स्वतःपुरते ठरवणे एक, आणि आपल्यामुळे दुसऱ्याच्या घरावर बहिष्कार येताना पाहणे निराळे.

आता आमच्या चाळीतल्या काकूंचे सांगते. चार वर्षांचा मधुमेह. एका सत्संगाला जाऊ लागल्या आणि तिथल्या बुवांनी सांगितले, गोळ्यांनी साधनेत विघ्न येते, अंगारा पुरे. मुलगा भडकला. म्हणाला, “उद्यापासून सत्संग बंद!” म्हणजे बुवांची आज्ञा गेली आणि मुलाची आली. काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगाल तसं करते.”

घ्या, ही तिसरी आज्ञा!

गोळ्या सोडू नका, एवढे मी स्पष्ट सांगितले. रक्तातली साखर मोजता येते. तिथे श्रद्धेचा प्रश्नच येत नाही. बाकीचे म्हटले तुमचे तुम्ही पाहा. तिथून घरी आल्यावर सुनेशी जरा गोड बोलावेसे वाटते, की तिच्यातले दोष जास्त दिसतात? आणि तिथे एखादा प्रश्न विचारलेला चालतो का?

काकूंनी ते शब्दशः मनावर घेतले. पुढच्या गुरुवारी रांगेत उभ्या राहिल्या आणि पाया पडून बुवांना म्हणाल्या, “महाराज, रात्री दोनला चक्कर आली तर फोन तुम्हाला करू की डॉक्टरांना?” बुवा नुसते हसले. सेवेकऱ्याने मागच्या माणसाला पुढे घेतले.

काकू आता गोळ्या वेळेवर घेतात. तिकडे जात नाहीत. दर मंगळवारी मात्र दुसऱ्या मजल्यावर बायकांचे भजन असते, तिथे टाळ त्यांच्या हातात असतो, आणि कुठला अभंग घ्यायचा तेही त्याच ठरवतात.