झुरक्यामागचे व्होल्ट

ई-सिगारेट ओढणाऱ्या रुग्णाला आपण सहसा दोनच गोष्टी विचारतो: द्रवात निकोटिन किती आणि दिवसातून किती वेळा ओढता. बॅटरी किती व्होल्टची, हा प्रश्न केसपेपरवर येतच नाही. श्वासनलिकेत काय उतरते, हे मात्र बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. लिथियम-आयन सेलचा नाममात्र दाब 3.7 व्होल्ट. साध्या ॲटोमायझरच्या, म्हणजे द्रवाची वाफ करणाऱ्या भागाच्या, कॉइलचा रोध 2.4 ओहम धरला, तर या दाबाला शक्ती 5.7 वॅट येते. तोच ॲटोमायझर 5 व्होल्टवर चालवला की 10.4 वॅट, 6 व्होल्टवर 15 वॅट. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दाब दीडपटीच्या थोडा पुढे गेला, तरी उष्णता अडीचपटीहून अधिक होते. दाट वाफेच्या आणि घशाला बसणाऱ्या ठसक्याच्या हौसेपायी कोणी दोन सेल एकापुढे एक जोडले, कोणी दाब कमीजास्त करता येणारी उपकरणे घेतली.

कॉइलला द्रव पुरवणारी वात मात्र तीच राहते. ती द्रव शोषते त्याहून वेगाने कॉइल त्याची वाफ करू लागली की वात कोरडी पडते, तापमान चढते आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांच्या विघटनातून फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलिन तयार होतात. 2014 साली कोस्मिदर व सहकाऱ्यांनी दाब 3.2 वरून 4.8 व्होल्टवर नेला, तेव्हा फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड व ॲसिटोन यांचे प्रमाण 4 पटींपासून 200 पटींहूनही अधिक वाढले. जानेवारी 2015 मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील संशोधकांना 3.3 व्होल्टवर फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळली नाहीत, 5 व्होल्टवर मात्र भरपूर आढळली. असा जळका झुरका माणूस ओढणारच नाही, असा आक्षेप लगेच आला. त्याच वर्षी फार्सालिनोस यांनी दाखवले की एका ॲटोमायझरची वात 9 वॅटला कोरडी पडली, दुसऱ्याची 10 वॅटलाही नाही.

म्हणजे ‘ही नुसती वाफ’ हे जितके चूक, तितकेच ‘प्रत्येक झुरक्यात सिगारेटहून जास्त फॉर्मल्डिहाइड’ हेही. दाब, रोध, वात आणि झुरक्याची लांबी यांचा मेळ पाहिल्याशिवाय धोक्याविषयी बोलणे अर्धवट ठरते. जळकी चव हा ढोबळ इशारा झाला, मोजमाप नव्हे.

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. त्यामुळे रुग्णाच्या खिशातले उपकरण चोरवाटेने आलेले असते. कॉइल-बॅटरीच्या जोडीला इथे कोणतेही प्रमाण लागू नाही. शिवाय रुग्ण बोलायला बिचकतो. माहिती उपचारासाठी हवी आहे, हे त्याला आधी सांगावे. मग विचारावे: बॅटरी एक की दोन? दाब बदलता येतो का? कॉइल कधी बदलली? जळकी चव किती वेळा येते? कोरडा खोकला, घशाची आग किंवा श्वास लागणे यांची सुरुवात उपकरण बदलल्यानंतर झाली का?

उत्तरे नोंदवा, पण ‘व्होल्ट कमी करा’ एवढ्यावर रुग्णाला परत पाठवू नका. कमी दाबानेही निकोटिनचे व्यसन सुटत नाही. ते सोडवणे हेच आपले काम आहे.