सेवाग्रामातील नास्तिक पाहुणा

१९४४ च्या नोव्हेंबर महिन्यात आंध्रातील एक बेचाळीस वर्षांचे गृहस्थ गांधीजींना भेटावयास सेवाग्रामच्या आश्रमात आले. गोपराजु रामचंद्र राव हे त्यांचे नाव. आद्याक्षरे जुळवून ते स्वतःस ‘गोरा’ म्हणवीत. वनस्पतिशास्त्राचे हे अध्यापक काकीनाडा आणि मच्छलीपट्टण येथील महाविद्यालयांत शिकवीत होते. परंतु ईश्वर नाही असे उघडपणे बोलण्याची व लिहिण्याची सवय त्यांना भोवली आणि दोन्ही ठिकाणची नोकरी गेली. १९४० साली त्यांनी कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूरु या खेड्यात नास्तिक केंद्र काढले. तेथे त्यांचा वेळ ईश्वराविरुद्ध व्याख्याने देण्यापेक्षा सवर्ण आणि अस्पृश्य यांची सहभोजने घडविण्यात अधिक जाई. म्हणजे काम गांधीजींचेच होते. ज्या विचारातून ते केले जात होते तो मात्र गांधीजींच्या श्रद्धेच्या मुळावरच घाव घालणारा होता.

या भेटीस चौदा वर्षे लागली. १९३० मध्ये गोरांनी पत्र लिहून ‘ईश्वर’ या शब्दाचा आपला अर्थ काय, असे गांधीजींना विचारले होते. ईश्वर मानवी आकलनापलीकडचा आहे, अशा आशयाचे त्रोटक उत्तर आले. १९४१ मध्ये त्यांनी भेट मागितली, तेव्हा नास्तिकता म्हणजे आत्म्याचाच नकार होय आणि तिचा प्रसार करण्यात कोणालाही यश आलेले नाही, असे गांधीजींनी कळविले. दोन्ही उत्तरे सभ्य होती, आणि दोन्हींनी विषय तेथेच संपविला होता. आस्तिक आणि नास्तिक यांच्यातील बहुतेक पत्रव्यवहार असाच संपतो, मग तो दोन थोरांमधील असो की एका घरातील काका-पुतण्यांमधील.

१९४४ मध्ये निराळे काय घडले? या संवादाची हकिकत प्रामुख्याने गोरांच्याच लेखणीतून उपलब्ध आहे. ‘अॅन एथिस्ट विथ गांधी’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक १९५१ मध्ये नवजीवनने प्रसिद्ध केले आणि त्यास किशोरलाल मशरूवाला यांच्यासारख्या निष्ठावंत गांधीवाद्याने प्रस्तावना लिहिली. तेव्हा हकिकत एकाच बाजूची असली तरी दुसऱ्या बाजूच्या नजरेखालून गेलेली आहे. सायंकाळच्या फेरफटक्यात सुरू झालेल्या या बोलण्यात ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे फारसे निघालेच नाहीत. नास्तिकतेची या माणसाला गरज का वाटते, आणि तीमुळे तो काय करतो, याची चौकशी गांधीजी करीत राहिले.

त्यावर गोरांनी तत्त्वज्ञान सांगितले नाही. त्यांनी १९४३ च्या दुष्काळात पाहिलेले कलकत्त्याचे रस्ते सांगितले. खाद्यपदार्थांनी भरलेल्या दुकानांपुढील पदपथांवर माणसे भुकेने मरत होती आणि तरीही दुकानांना हात लावीत नव्हती. मरणारा ते आपले प्राक्तन समजे, आणि जवळून जाणारा सधन मनुष्यही ते त्याचेच प्राक्तन समजून पुढे जाई. देव आणि दैव यांवरील विश्वास सुटल्याखेरीज माणूस माणसाची जबाबदारी घेणार नाही, असा निष्कर्ष गोरांनी त्या दृश्यातून काढला होता.

अर्थशास्त्राच्या कसोटीवर हे निदान अपुरे आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. सुमारे तीस लाख बळी घेणाऱ्या त्या दुष्काळाची मीमांसा अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात केली. धान्याच्या उपलब्धतेत म्हणण्यासारखी तूट नसतानाही युद्धकालीन भाववाढीने शेतमजूर, मच्छीमार आणि ग्रामीण कारागीर यांची क्रयशक्ती कोलमडली. दुकानातील धान्यावर त्यांचा हक्कच उरला नाही, आणि ज्यांचा होता त्यांच्या मागे कायदा व पोलीस उभे होते. भुकेला मनुष्य केवळ दैववादी होता म्हणून मेला असे नव्हे. परंतु गोरा काही दुष्काळाची कारणमीमांसा सादर करण्यास गेले नव्हते. आपण नास्तिक का आहोत हे ते सांगत होते, आणि त्या प्रश्नाचे ते खरे उत्तर होते. विशेष असे की, वादात सहज खोडून काढता आला असता असा हा मुद्दा गांधीजींनी खोडून काढला नाही. आपली आस्तिकता बरोबर आहे असे आपण म्हणू शकत नाही आणि गोरांची नास्तिकता चूक आहे असेही म्हणू शकत नाही, दोघेही सत्याचे शोधक आहेत, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचे गोरांनी नोंदविले आहे. समोरच्या माणसाची नास्तिकता भुकेल्यांविषयीच्या कळवळ्यातून आलेली आहे, हे त्यांना दिसले होते.

गांधीजींची मनोभूमी त्यासाठी पूर्वीच तयार होती, असे कोणी म्हणेल. विद्यार्थिदशेत लंडनला असताना ते चार्ल्स ब्रॅडलॉ या विख्यात नास्तिकाच्या अंत्ययात्रेस गेले होते. ही १८९१ ची गोष्ट. १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमधील सभेत ‘ईश्वर सत्य आहे’ या आपल्या जुन्या वचनाऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असे म्हणणे आपण का पसंत करतो, हे त्यांनी सांगितले, त्यामागेही नास्तिकाला सत्य नाकारता येत नाही हा विचार होता. हे सारे खरे. परंतु हे सारे १९४१ मध्येही खरेच होते आणि तरीही गोरांना त्या वर्षी एका वाक्यात वाटेला लावले गेले. उदार सिद्धांत मनात असणे निराळे आणि समोर चालणाऱ्या माणसाला त्याच्या आयुष्याविषयी विचारणे निराळे.

हाच गृहस्थ दोन महिन्यांपूर्वी मुंबईत मलबार हिलवर महंमद अली जिना यांच्याशी अठरा दिवस बोलत होता आणि हाती काहीही लागले नव्हते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ‘मूल्य’ हा मराठी शब्द या बाबतीत मोठा फसवा आहे. अर्थशास्त्रात मूल्य विनिमयात ठरते: इतके द्या, इतके घ्या. जीवनमूल्यांना असा विनिमयदर नसतो. सप्टेंबर १९४४ च्या त्या भेटी म्हणजे वाटाघाटी होत्या. प्रत्येक वाक्यामागे एक प्रदेश आणि एक जनसमूह उभा होता, आणि बोललेले पुन्हा पत्रांतून तोलले जात होते. वाटाघाटींत समोरच्याचे अंतःकरण समजून घेणे ही चैन ठरते. गोरांपाशी देवघेव करण्यासारखे काहीच नव्हते, म्हणूनच कदाचित बोलणे शक्य झाले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात डॉ. आंबेडकर गांधीजींना प्रथम भेटले, तेव्हा असा संवाद का जुळला नाही? महादेव देसाई यांच्या नोंदीनुसार आंबेडकर स्वतः अस्पृश्य आहेत याची कल्पना गांधीजींना त्या वेळी नव्हती. अस्पृश्यांविषयी कळकळ असलेले ते कोणी ब्राह्मण असावेत असा त्यांचा समज होता. म्हणजे ज्या प्रश्नाने सुरुवात व्हावयास हवी होती तोच प्रश्न विचारला गेला नव्हता. परंतु तो विचारला गेला असता तरी पुढील वर्षीचा येरवड्याचा संघर्ष टळला असता, असे मानणे भोळेपणाचे होईल. आंबेडकरांची मागणी समजून घेतले जाण्याची नव्हती, राजकीय हक्कांची होती. आणि ज्याच्यावर अन्याय होतो त्याने आधी सहानुभूतीचे धडे गिरवावेत, असे सांगण्याचा अधिकार अन्यायाच्या लाभार्थींना नाही. गोरा आणि गांधी यांच्यातही बरोबरी नव्हतीच: एक नोकरी गमावलेला अध्यापक, दुसरा राष्ट्राचा नेता. तेथे संवाद फळाला आला, कारण विचारण्याचे व ऐकून घेण्याचे कष्ट थोरल्या बाजूने घेतले.

अशा बोलण्याने माणसे खरोखर बदलतात, की हा सज्जनांचा आशावाद आहे? अलीकडे त्याचे मोजमापही झाले आहे. अमेरिकेत मायामी शहरात स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन तृतीयपंथीयांविषयीच्या पूर्वग्रहावर सुमारे दहा-दहा मिनिटे मतदारांशी बोलणे केले; ब्रॉकमन आणि कल्ला या दोघा संशोधकांनी त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. पूर्वग्रह घटल्याचे तीन महिन्यांनंतरच्या पाहणीतही दिसून आले. (याच विषयावरील २०१४ चा एक गाजलेला निबंध पुढील वर्षी मागे घ्यावा लागला होता, आणि त्यातील आकडेवारीचे पितळ उघडे पाडणाऱ्यांत हेच दोघे होते, म्हणून त्यांच्या आकड्यांवर थोडा अधिक विश्वास ठेवावासा वाटतो.) त्या बोलण्यात मतदाराला उपदेश केला गेला नाही. इतरांहून वेगळे असल्याबद्दल तुम्हाला कोणी कधी हिणविले होते काय, असे विचारून त्याचा अनुभव ऐकला गेला. २०२० मध्ये त्यांनीच दाखविले की, अनुभवांची ही देवाणघेवाण वगळून निव्वळ युक्तिवाद केले, तर परिणाम आढळत नाही. वक्तृत्व स्पर्धांच्या तयारीत वर्षानुवर्षे घालविणाऱ्या आपल्या शाळा-महाविद्यालयांना हा निष्कर्ष रुचण्यासारखा नाही.

महाराष्ट्रात श्रद्ध आणि अश्रद्ध यांच्यातील वाद हा केवळ बौद्धिक विषय राहिलेला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरावयास निघाले असता त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात हल्ला झाला तोही सकाळच्या फेरफटक्यानंतर, घराजवळ. मारेकऱ्याशी संवाद साधावा असे कोणी सुचविणार नाही. ते काम पोलिसांचे आणि न्यायालयाचे आहे. परंतु मारेकरी आणि विचारवंत यांच्या मधल्या विस्तीर्ण पट्ट्यात जी लाखो माणसे राहतात, ती एकमेकांशी काय बोलतात?

कचेरीतील सत्यनारायणाचे उदाहरण घ्यावे. वर्गणीची यादी फिरते, एखादा कारकून नकार देतो. त्यावर घटनेतील कलमे आणि संस्कृतीचा अभिमान यांची एक फैर झडते, आणि पुढे वर्षभर ती दोन टेबले एकमेकांशी कामापुरते बोलतात. पूजेचा आग्रह धरणाऱ्या वृद्ध शिपायाला ती का हवी, हे कोणी विचारीत नाही. साहेब आणि शिपाई एकाच पंगतीत बसून प्रसाद घेतात असा वर्षातला तो एकच दिवस, हे त्याचे उत्तर असू शकेल. नकार देणाऱ्याच्या घरी कदाचित वडिलांच्या आजारपणात रुग्णालयाऐवजी मांत्रिकाच्या दारी पैसे गेलेले असतील. सरकारी कचेरीत पूजा असावी की नसावी, हा प्रश्न या दोन उत्तरांनी सुटत नाही. तो नियमानेच सोडवावा लागेल, आणि नियम नकार देणाऱ्याच्या बाजूने असावयास हवा. परंतु नियम लागू झाल्यानंतरही शिपायाला पंगत हवीच असते, आणि तिची काही निराळी सोय करावी हे त्याचे उत्तर ऐकल्यावाचून कोणाला सुचणार नाही.

सेवाग्रामच्या त्या ओळखीला पुढे एक कसोटी आली. गोरांनी आपली मुलगी मनोरमा हिचा विवाह अर्जुनराव या दलित तरुणाशी करण्याचे ठरविले. वधूवरांपैकी एक हरिजन असल्याखेरीज विवाहास आशीर्वाद देणार नाही, असा गांधीजींचा त्या काळात निश्चय होता. तेव्हा हा विवाह त्यांच्या मनाजोगताच होता. तो काही काळ लांबणीवर टाकावा आणि मधल्या काळात वराने सेवाग्रामात राहावे, असे त्यांनी सुचविले व तसे घडले. अडचण एवढीच होती की, आश्रमातील विवाहविधीत शपथ ईश्वराला स्मरून घ्यावयाची असे आणि गोरांना ते मान्य होणे शक्य नव्हते. या विवाहापुरती शपथ सत्याच्या नावे घ्यावी, हे गांधीजींनी मान्य केले. दोघांपैकी कोणाचेही मत बदलले नव्हते. गांधीजी ३० जानेवारी १९४८ रोजी प्रार्थनेस जात असताना मारले गेले, आणि गोरा १९७५ मध्ये वारले तेव्हाही नास्तिकच होते. विवाह ठरल्याप्रमाणे १९४८ च्या मार्च महिन्यात सेवाग्रामातच लागला. गांधीजी नव्हते, तरी आश्रमवासीयांनी विधीत कबूल केलेला बदल तसाच ठेवला.