दम्याचा पंप आणि मुलाची उंची

सुरतेच्या लिंबायत व उधना या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात; कर्ता पुरुष बहुधा यंत्रमागावर किंवा कापडाच्या कारखान्यात. तशाच एका घरच्या माउलीने विचारले आहे: सात वर्षांच्या मुलाला दम्यासाठी डॉक्टरांनी रोजचा पंप दिला. शेजारणी म्हणाल्या, त्यात स्टेरॉइड आहे, पोर खुजे राहील. तिने पंप बंद केला, आणि दिवाळीच्या धुरात मुलाला अपरात्री इस्पितळात न्यावे लागले. आता काय करावे?

शेजारणींचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. अमेरिका व कॅनडा येथील ५ ते १२ वर्षांच्या १०४१ दमेकरी मुलांची चाचणी झाली. त्यांपैकी काहींना ब्युडेसोनाइड हे औषध रोज ४०० मायक्रोग्रॅम, असे चार ते सहा वर्षे ओढावयास दिले होते. ती मुले मोठी झाल्यावर पुन्हा मोजली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषधाविना पंप ओढलेल्यांपेक्षा त्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ही घट मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतली. पुढे ती वर्षागणिक वाढत गेली नाही.

म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही कमी! उलट आटोक्यात नसलेला दमा स्वतःच वाढ खुंटवतो, वयात येणे लांबवतो, झोप व शाळा बुडवतो आणि क्वचित प्राणही घेतो. शिवाय धाप वारंवार लागली की पोटात स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात. त्या रक्तावाटे सर्वांगास पोचतात. पंपातील औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, आणि ते थेट श्वासनलिकांत उतरते.

तेव्हा माउलीने पंप पुन्हा सुरू करण्याविषयी डॉक्टरांना लगेच भेटावे, आणि आपल्या मनाने तो पुन्हा थांबवू नये. दमा काही महिने शांत राहिला की मात्रा कमी करता येईल का, हे अवश्य विचारावे; पुरेशी असेल तेवढी अल्प मात्रा देणे हाच डॉक्टरांचाही नियम आहे. धाप तात्काळ शमविणारा पंप निराळा. तो रोजच्या पंपाची जागा घेत नाही. औषध स्पेसरच्या नळकांड्यातून द्यावे, नंतर चूळ भरवावी, म्हणजे तोंड येत नाही.

आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीची खूण करण्याची आपली जुनी रीत आहे ना? दर तीन महिन्यांनी तारखेसह ती करावी, आणि पुढच्या खेपेस ते आकडे डॉक्टरांपुढे ठेवावेत.