गाडीचा ताप मोजायला शिकूया

मिक्सर बंद पडला, शेगडी मंद जळू लागली, नळाचा वॉशर गेला, की घरातली बाई आधी स्वतः बघते. माणूस बोलवावा लागलाच तर त्याच्या शेजारी उभी राहते. काय बदललं, किती लागले, जुना पार्ट कुठाय, सगळं विचारते. पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी घासाघीस करणारी ही बाई गॅरेजच्या दारात मात्र एकदम गप्प होते. बॉनेट उघडलं की दोन पावलं मागे सरकते आणि आतून आवाज येतो, ‘वहिनी, साहेबांना पाठवून द्या ना, त्यांच्याशी बोलतो.’

गाडी वहिनी चालवणार, हप्ता वहिनींच्या पगारातून जाणार, पण बोलणं साहेबांशी! मैत्रिणींनो, हे किती दिवस चालवून घ्यायचं?

आपल्या विठ्ठलवाडीत, कल्याण पूर्वेत, पलीकडे उल्हासनगरात आज कितीतरी बायकांच्या हातात स्टिअरिंग आहे. कोणी शाळेच्या मुलांची ने-आण करतं, कोणी जेवणाच्या ऑर्डरी पोचवतं, कोणी सासऱ्यांना डायलिसिसला नेतं. गाडी ही आता चैन राहिलेली नाही, अनेकींच्या पोटाचा प्रश्न आहे. म्हणूनच आज एका छोट्याशा यंत्राबद्दल लिहितेय. त्याला म्हणतात स्कॅनर, गॅरेजच्या भाषेत ‘ओबीडी’.

ही भानगड आहे तरी काय? गाडीच्या इंजिनात ठिकठिकाणी सेन्सर असतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एक छोटा संगणक असतो. काही बिघडलं की तो डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लावतो आणि बिघाडाचा एक क्रमांक स्वतःकडे नोंदवून ठेवतो. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या जवळपास सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की तो क्रमांक वाचता येतो. गंमत म्हणजे ही सोय गिऱ्हाइकासाठी झालीच नव्हती. लॉस एंजलिसच्या धुरकट हवेला कंटाळलेल्या कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांना अशी यंत्रणा लावायला लावली. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या मोटारींना एकच सॉकेट, एकच पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे २०१० पासून ती टप्प्याटप्प्याने आली. साधारण २०१३ नंतरच्या मोटारींत ती बहुधा असतेच आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-सहाचे नियम लागू झाल्यानंतरच्या प्रत्येक नव्या पेट्रोल-डिझेल मोटारीत आहे.

याचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने सांगते. आमच्या बचत गटातल्या एक ताई नवऱ्याच्या आजारपणानंतर शाळेची व्हॅन चालवतात. त्यांच्या गाडीत पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने आवाज ऐकून, धूर बघून सांगितलं, सायलेन्सरमधला कन्व्हर्टर गेला, तीस हजारांची तयारी ठेवा. ताई गटाकडे कर्ज मागायला आल्या. बैठकीला आलेल्या एकीच्या सुनेकडे स्कॅनर होता. तिने खाली जाऊन लावला. क्रमांक आला पी ०१४१. त्याचा अर्थ, मागच्या ऑक्सिजन सेन्सरला गरम ठेवणाऱ्या वायरिंगमध्ये खोट. कन्व्हर्टरचं नावच नाही! तो क्रमांक कागदावर लिहून ताई दुसऱ्या मिस्त्रीकडे गेल्या. त्याने गाडी वर घेतली आणि उंदराने कुरतडलेली वायर दाखवली. पावसाळ्यात नाल्याकाठी गाडी लावणाऱ्यांना हे उंदीर चांगलेच परिचयाचे आहेत. काम काही शेकड्यांत झालं, कर्जाचा अर्ज परत घेतला.

पहिला मिस्त्री लबाडच होता असं मी म्हणणार नाही. त्याने मशीन न लावता अंदाज सांगितला, इतकंच. पण त्याच्या अंदाजाची किंमत ताईंच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईएवढी होती.

आता घ्यायचा तर कोणता? बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला म्हणजे सॉकेटमध्ये बसणारी काडेपेटीएवढी डबी. ती ब्लूटूथ किंवा वायफायने मोबाइलला जोडायची आणि अॅपवर वाचायचं. काही शेकड्यांपासून मिळते. दुसरा, स्वतःचा छोटा पडदा आणि वायर असलेला हातातला स्कॅनर. त्याला मोबाइल लागत नाही, किंमत साधारण दीड-दोन हजारांपासून पुढे. तिसरा गॅरेजवाल्यांचा, दहा-वीस हजारांपासून लाखापर्यंत. तो आपल्या कामाचा नाही. घरात सगळ्यांना, अगदी सासूबाईंनाही हाताळता यावा असं वाटत असेल तर दुसरा प्रकार बरा. मोबाइलची सवय असेल तर पहिला पुरतो.

डबी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. यातल्या बहुतेक डब्या ‘ईएलएम ३२७’ या कॅनडातल्या कंपनीच्या चिपच्या नावाने विकल्या जातात. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली, पण तिच्या नकला जगभर भरपूर आहेत. काही नीट चालतात, काही अर्धवट वाचतात, काही जोडल्याच जात नाहीत. म्हणून परत घेण्याची हमी असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, पक्कं बिल घ्या आणि त्याच दिवशी स्वतःच्या गाडीला लावून बघा. आयफोन असेल तर साधी ब्लूटूथची डबी बहुधा चालत नाही. वायफायची किंवा नव्या ‘ब्लूटूथ लो एनर्जी’ची मागा. अॅप उगाच फोटो आणि कॉन्टॅक्टची परवानगी मागत असेल तर देऊ नका. काम झालं की डबी काढून ठेवा, नाहीतर गाडी उभी असताना ती बॅटरी पीत बसते.

विकत घेण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. माझ्या गाडीचं हे मॉडेल आणि हे साल, यावर चालेल का? बिघाड झाला त्या क्षणाची नोंद, म्हणजे ‘फ्रीझ फ्रेम’, दाखवेल का? एबीएस आणि एअरबॅगचे बिघाड वाचेल का? तिसऱ्याचं उत्तर स्वस्त स्कॅनरच्या बाबतीत बहुधा ‘नाही’च असतं. ते फक्त इंजिनाचं वाचतात. २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. त्यांचा दिवा लागला तर घरी खटपट न करता सरळ जाणत्या माणसाकडे जा. स्कूटर आणि विजेवरच्या गाड्यांचं गणितही वेगळं आहे, त्यासाठी हा स्कॅनर घेऊ नका.

आणि हो, अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायचं नाही! स्कॅनर म्हणजे थर्मामीटर. तो ताप एकशे दोन आहे हे सांगतो, मलेरिया की टायफॉइड हे सांगत नाही. पी ०१७१ असा क्रमांक आला तर इंजिनाला हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, एवढंच कळतं. फाटलेला पाइप, मळलेला सेन्सर, थकलेला पेट्रोल पंप, कारण काहीही असू शकतं. क्रमांक बघून परस्पर पार्ट मागवणं म्हणजे ताप आला की कुणालाही विचारून अँटिबायोटिक खाण्यासारखं आहे. क्रमांक पुसून टाकला तर दिवा विझतो, बिघाड तिथेच राहतो. पुसायच्या आधी तो तारखेसकट वहीत लिहा. दुधाच्या हिशेबाची वही ठेवतोच ना आपण?

काही दिव्यांच्या बाबतीत तर स्कॅनर शोधतच बसायचं नाही. तेलाच्या बुधलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी या आणि तपासा. लुकलुकत असेल तर पुढे दामटू नका, त्याने खरोखरच कन्व्हर्टर जळतो. वालधुनीचं पाणी आपल्याला नवं नाही, २६ जुलै २००५ कोण विसरेल? इंजिनापर्यंत पाणी चढलेली गाडी सुरू करून बघायचा मोह टाळा. स्टार्टर मारला की सिलिंडरमध्ये पाणी ओढलं जातं आणि इंजिनच जातं.

जुनी गाडी घेताना तर स्कॅनर जरूर न्या. विकणारे दिवा विझवून ठेवतात. पण संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसल्या, किंवा नोंदी पुसल्यानंतर गाडी जेमतेम पाच-दहा किलोमीटर चालली असं दिसलं, तर हे पुसणं कालपरवाचंच आहे हे समजा. बॅटरी नुकतीच काढली असली तरी असं दिसतं, म्हणून आधी शांतपणे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर पैसे पर्समध्येच राहू द्या.

‘बाईला यंत्रातलं काय कळतं?’ असं म्हणणाऱ्यांना बर्था बेन्झची गोष्ट सांगा. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत घेऊन गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने साफ केली, उघड्या वायरीला मोज्याचा पट्टा गुंडाळला, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि वाटेतली दुरुस्ती, दोन्ही एका बाईच्या नावावर आहेत!

माझी एक सूचना आहे. प्रत्येकीने स्कॅनर घ्यायची गरज नाही. सोसायटीत, महिला मंडळात, बचत गटात मिळून एक घ्या. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटतो, त्यातलेच थोडे पैसे इकडे वळवा. एखाद्या भल्या मिस्त्रीदादांना बोलावून तासभर शिकून घ्या. भले मिस्त्री पुष्कळ आहेत. माहीतगार गिऱ्हाईक त्यांनाही हवंच असतं, कारण त्याला समजावून सांगावं लागत नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या, बदललेला पार्ट परत मागा, बिल घ्या. तो तुमचा हक्क आहे. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. दुरुस्तीचा हक्क या विषयावर केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे.

आपल्याला मिस्त्री व्हायचं नाहीये. आपल्या कष्टाचा पैसा कशावर जातोय, एवढं कळायला हवंय. पुढच्या वेळी ‘साहेबांना पाठवा’ असं कोणी म्हणालं, तर वहीचं पान उघडून शांतपणे सांगा, ‘दादा, गाडी माझी आहे. क्रमांक हा आलाय. बोला आता.’