शांतता, पण कुणाची?

"युद्ध नको, शांतता हवी" म्हटलं की सगळे माना डोलावतात. मला मात्र विचारावंसं वाटतं, कुणाची शांतता?

आमच्या शिराळा तालुक्यातलं बिळाशी घ्या. १९३० साली तिथल्या लोकांनी जंगल सत्याग्रह केला, जंगल कायदा मोडला, तिरंगा उभारला. बंदुका होत्या त्या सरकारकडे. तरी सरकारच्या लेखी बंडखोर कोण? तर गावकरी! मग पोलीस आले, गोळीबार झाला आणि म्हणे शांतता प्रस्थापित झाली. मी तर याला एकतर्फी युद्धच म्हणेन.

दुसरं टोकही तितकंच खोटं. मे २०२५ मध्ये 'आता युद्ध होऊनच जाऊ दे' असं टीव्हीसमोर बसून ओरडणारे थोडे होते का? ज्या घरातला मुलगा सीमेवर असतो, त्या घरात मात्र फोनची वाट बघतात.

लोकांना गप्प बसवणं म्हणजे शांतता नव्हे, आणि हक्कासाठी भांडणं म्हणजे युद्ध नव्हे. उलट जिथे भांडायची मुभा असते, तिथे युद्धाची वेळ सहसा येत नाही. तेव्हा कुणी "शांतता राखा" म्हणालं, तर आधी विचारा: अन्याय तसाच ठेवून का?

तुम्हाला काय वाटतं?