कोळसा खाणींतील धूळ : मर्यादा ठरली, पण मोजमाप कोणाचे?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९५२ च्या खाण अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. या बदलाची सार्वजनिक चर्चा मुख्यतः वेतनाची व्याख्या, कामाचे तास आणि कामगार कपातीच्या तरतुदी यांभोवती फिरली. खाणपट्ट्यांत मात्र एक वेगळा, फारसा न उच्चारला गेलेला प्रश्न शिल्लक आहे. कोळशाच्या आणि खडकाच्या धुळीपासून कामगाराच्या फुफ्फुसाचे रक्षण करणारे नियम नव्या चौकटीत अधिक बळकट होणार, की केवळ जुन्या धारिकेवर नवे नाव चढणार?

प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताने प्रथमच १०० कोटी टन कोळसा उत्पादनाचा टप्पा ओलांडला. झारखंड, पश्चिम बंगाल, छत्तीसगड, ओडिशा, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्रातील नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत लाखो कुटुंबांची चूल या उद्योगावर पेटते. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी विदर्भात आणि लगतच्या छिंदवाडा व बैतूल जिल्ह्यांत पसरल्या आहेत.

खाण दुर्घटना दिसते. १९७५ ची चासनाला दुर्घटना अर्धशतकानंतरही विस्मरणात गेलेली नाही. छत कोसळले, पाणी शिरले, वायूचा स्फोट झाला, की चौकशी बसते, दोषी ठरतात, नियम बदलतात. धुळीने होणारा मृत्यू असा एका दिवशी घडत नाही. साधारणतः ५ मायक्रॉनहून लहान कण नाकाघशात न अडकता थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना येते. तेथे ते साचतात, भोवतालच्या ऊतींना व्रण पडतात आणि फुफ्फुस हळूहळू ताठर होते. हा न्यूमोकोनिओसिस. लक्षणे दिसण्यास अनेकदा दहा ते वीस वर्षे लागतात, व्रण भरून येत नाहीत आणि खाण सोडल्यानंतरही रोग वाढत राहू शकतो. धुळीत सिलिका असेल तर हानी अधिक वेगाने होते, शिवाय क्षयरोगाचा धोका वाढतो. क्षयाचे प्रमाण आधीच मोठे असलेल्या देशात धुळीच्या रुग्णावर क्षयरोगी असा शिक्का बसणे मग सोपे जाते.

कायद्याने या बाबतीत प्रगती केली नाही, असे म्हणता येणार नाही. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत श्वसनीय धुळीची मर्यादा हवेच्या घनमीटरमागे ३ मिलिग्रॅम होती. २०१७ च्या विनियमांनी ती २ मिलिग्रॅमवर आणली. धुळीत सिलिकेचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक असेल, तर १० या अंकाला त्या टक्केवारीने भागून येणारी संख्या ही मर्यादा मानली जाते. म्हणजे सिलिका १० टक्के असेल तर धूळ १ मिलिग्रॅमहून जास्त नको, २० टक्के असेल तर अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त नको.

हे सूत्र वरवर कठोर वाटते. त्याचे गणित मांडले की दुसरी बाजू दिसते. कोणतीही टक्केवारी घेतली तरी उत्तर एकच येते : प्रत्यक्ष सिलिका घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल. अमेरिकेच्या कोळसा खाणींतही दीर्घकाळ हेच सूत्र होते. ते पुरेसे नाही, हा निष्कर्ष तेथे फार मोठी किंमत मोजून काढला गेला.

पश्चिम व्हर्जिनियातील फार्मिंग्टन येथे नोव्हेंबर १९६८ मध्ये झालेल्या स्फोटात ७८ कामगार मरण पावले. पुढील वर्षाच्या आरंभी त्याच राज्यातील हजारो खाण कामगारांनी ‘काळ्या फुफ्फुसा’च्या भरपाईसाठी काम बंद पाडले आणि १९६९ च्या अखेरीस अमेरिकेने कोळसा खाण आरोग्य व सुरक्षा कायदा केला. धुळीची मर्यादा प्रथम ३ आणि नंतर २ मिलिग्रॅम झाली. त्यानंतरची सुमारे तीन दशके रोगाचे प्रमाण घटत गेले. नवे शतक उजाडता उजाडता ते पुन्हा वाढू लागले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मध्य ॲपलेशियातील २५ वर्षांहून अधिक सेवा झालेल्या दर पाच कामगारांपैकी एकाच्या फुफ्फुसात रोगाची चिन्हे होती. नैऋत्य व्हर्जिनियातील केवळ तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ च्या आरंभापर्यंत या रोगाच्या अतितीव्र प्रकाराचे ४१६ रुग्ण आढळले. कोळशाचे जाड थर संपल्यामुळे पातळ थर काढताना यंत्रे खडकही मोठ्या प्रमाणात कापत होती. धूळ वजनाला मर्यादेत असली तरी तिचे स्वरूप बदलले होते, तिच्यात सिलिका वाढली होती.

अमेरिकेने २०१६ पासून धुळीची मर्यादा दीड मिलिग्रॅमवर आणली आणि एप्रिल २०२४ मध्ये सिलिकेसाठी ५० मायक्रोग्रॅमची स्वतंत्र मर्यादा जाहीर केली. कोळसा खाणींसाठी तिची अंमलबजावणी एप्रिल २०२५ मध्ये सुरू व्हायची होती. ऐनवेळी न्यायालयीन स्थगिती आली आणि प्रशासनानेही मुदत पुढे ढकलली. पन्नास वर्षांचा अनुभव आणि स्वतःच्याच नागरिकांचे क्ष-किरण समोर असताना हे घडले, हे नियमांच्या भवितव्याविषयी पुरेसे बोलके आहे.

भारतात कोळशाचा बहुतांश भाग आता खुल्या खाणींतून निघतो. भूमिगत खाणींच्या तुलनेत तेथे हवा खेळती असते, म्हणून धुळीचा धोका कमी, असा एक समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. खुल्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्यापूर्वी वरचा खडक फोडून हलवावा लागतो. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर कामठी श्रेणीचे वालुकाश्म आहेत आणि वालुकाश्म म्हणजे मुख्यतः सिलिकाच. या खडकात भोके पाडणारा ड्रिलचालक, सुरुंगानंतर ढिगारा भरणारा यंत्रचालक, कच्च्या रस्त्यावर डंपर पळवणारा चालक या सर्वांच्या वाट्याला कोळशापेक्षा घातक धूळ येऊ शकते. आणि हेच काम मोठ्या प्रमाणात कंत्राटदारांकडे सोपविलेले आहे.

नियमाची खरी कसोटी येथे लागते. कायम कामगाराची प्रारंभिक वैद्यकीय तपासणी होते आणि पुढे साधारणतः दर पाच वर्षांनी ती पुन्हा केली जाते. रोग दहा-वीस वर्षांनी प्रकट होणारा असल्याने जुन्या आणि नव्या क्ष-किरण चित्रांची तुलना हाच निदानाचा पाया ठरतो. कंत्राटी कामगार दोन-तीन वर्षांनी कंत्राटासोबत बदलतो. आज वणी, उद्या सिंगरौली, परवा तालचेर. त्याची चित्रे त्याच्यासोबत फिरत नाहीत. कायद्याने तपासणीचा हक्क त्यालाही दिला आहे, परंतु त्याच्या फुफ्फुसाचा सलग इतिहास कोणत्याही एका खाणीकडे नसतो आणि पुढे भरपाई मागताना कोणत्या खाणीची धूळ कारणीभूत ठरली, हे सिद्ध करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

मोजमापाचेही तसेच. धुळीचे नमुने घेण्याची जबाबदारी खाणीच्या व्यवस्थापनावर आहे. किमान दर सहा महिन्यांनी, आणि पातळी मर्यादेजवळ गेल्यास त्याहून वारंवार, नमुने घ्यावे लागतात. धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालय त्यावर देखरेख ठेवते. ज्याच्या उत्पादनाला नमुन्याच्या निकालाने खीळ बसू शकते, त्यानेच नमुना घ्यावा, ही रचना जगभर संशयास्पद ठरली आहे. केंटकीतील एका खाण कंपनीच्या अधिकाऱ्यांवर धुळीच्या नोंदींत लबाडी केल्याबद्दल २०१८ मध्ये फौजदारी आरोप ठेवले गेले. तेथे आता कामगाराच्या अंगावर लावलेले उपकरण पाळी सुरू असतानाच धुळीची पातळी दाखवते. सहा महिन्यांतून एकदा घेतलेला नमुना त्या दिवसाचे सत्य सांगतो, आणि तो दिवस कोणता असावा, हे व्यवस्थापनच ठरवते.

तपासणी झाली तरी ती कोण वाचतो, हा मुद्दा उरतोच. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात हा रोग संपुष्टात आला, असे अनेक वर्षे मानले जात होते. २०१५ मध्ये नवे रुग्ण उघडकीस आले. संसदीय समितीच्या चौकशीत आढळले, की रोग गेलाच नव्हता. यंत्रणेला तो दिसत नव्हता. अनेक चित्रांचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. त्यानंतर तेथे चित्रे वाचणाऱ्यांसाठी विशेष प्रशिक्षण आले आणि २०२० मध्ये धुळीची मर्यादा दीड मिलिग्रॅम झाली. रुग्ण नोंदले गेले नाहीत म्हणजे रुग्ण नाहीत, हा निष्कर्ष भारतातही सोयीचा आहे. राजस्थानने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिस धोरण स्वीकारून प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णास थेट आर्थिक साहाय्य देण्यास आरंभ केला, तेव्हा दगडखाणींच्या पट्ट्यांतून रुग्ण हजारोंच्या संख्येने पुढे आले. ते त्यापूर्वीही आजारीच होते.

खाण कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था नागपूर येथे होती. २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय घेतला. तज्ज्ञता एकत्र यावी हा हेतू योग्यच, परंतु खाणपट्ट्याच्या जवळ असलेले एक स्वतंत्र व्यासपीठ त्यामुळे कमी झाले.

धूळ रोखण्याचे उपाय अज्ञात नाहीत. भोके पाडताना पाण्याचा वापर, ड्रिलयंत्रावर धूळशोषक, डंपर व शॉव्हेलच्या बंद, गाळलेल्या हवेच्या केबिन, रस्त्यांवर नियमित पाणी, भूमिगत खाणीत पुरेसे वायुवीजन. मुखपट्टी या यादीत सर्वांत शेवटी येते. चंद्रपूरच्या ४५ अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात आठ तास घट्ट मुखपट्टी बांधून काम करा, असे सांगणाऱ्याने ती एकदा स्वतः बांधून पाहावी.

नव्या संहितेत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांसाठी वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची हमी असल्याचे केंद्र सरकारने सांगितले आहे. पाच वर्षांचा अवधी एका वर्षावर येणार असेल, तर तो निश्चितच मोठा बदल आहे. मात्र सामान्य तपासणी आणि धुळीच्या रोगासाठी प्रशिक्षित डॉक्टरने वाचलेले क्ष-किरण चित्र या भिन्न गोष्टी आहेत. संहिता निरीक्षकाला ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ म्हणते आणि संगणकाद्वारे यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या तपासणीवर भर देते. २०१७ चे विनियम तूर्त, संहितेशी विसंगत नसतील तेथवर, लागूच राहतात. ते संहितेखाली नव्याने लिहिले जातील, तेव्हा तीन ठिकाणी शब्दरचना पाहावी लागेल : सिलिकेसाठी स्वतंत्र मर्यादा आहे की दहाचे जुने सूत्रच आहे, नमुना घेणारा व्यवस्थापनाचा आहे की बाहेरचा, आणि कंत्राटी ड्रिलचालकाची क्ष-किरण चित्रे एका खाणीतून दुसऱ्या खाणीत त्याच्यासोबत जातील की कंत्राट संपताच कपाटात राहतील.