श्रोत्यांचे प्रश्न व लॅटिनो निवेदकांचीं उत्तरें

'पॉडकास्ट' या नांवानें ध्वनिमुद्रित संभाषणांचे जे कार्यक्रम हल्लीं घरोघरीं ऐकिले जातात, ते केवळ कालहरणाचें साधन होत, असें मत शिक्षकवर्गांत वारंवार ऐकूं येतें. त्यांतही निवेदकांनीं श्रोत्यांच्या प्रश्नांस उत्तरें द्यावयाचीं, आणि प्रश्न काय, तर सुटींत कोठें जावें, कोणता चित्रपट पाहावा, कोणत्या गायकाचें गाणें ऐकावें! हा तर निव्वळ पोरखेळ, असें आमचे स्नेही म्हणतात. मला हें मान्य नाहीं. निदान अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लॅटिनो निवेदकांपुरता तरी मी वाद घालण्यास तयार आहें.

लॅटिनो म्हणजे मेक्सिको, क्यूबा, कोलंबिया, प्वेर्तो रिको इत्यादि ठिकाणांहून आलेले लोक व त्यांची संतति. कित्येक कुटुंबें तर कोठून आलींच नाहींत. १८४८ सालच्या तहानें सीमारेषाच त्यांच्या घरांवरून पलीकडे सरकली. २०२० च्या शिरगणतींत त्यांची संख्या सहा कोटि एकवीस लक्ष भरली. त्यांच्याकरितां 'लॅटिनो यूएसए' हा इंग्रजी रेडिओ-कार्यक्रम १९९३ सालीं व 'रादियो आंबुलांते' हा स्पॅनिश कार्यक्रम २०१२ सालीं सुरू झाला. पुढें दोघां मित्रांनीं किंवा बहिणींनीं घरांतल्या घरांत बसून चालविलेले लहान कार्यक्रमही पुष्कळ निघाले. श्रोत्यांचे प्रश्न घेण्याची चाल अशा घरगुती कार्यक्रमांस विशेष शोभते.

आतां एक प्रश्न घ्या: मेक्सिको शहरांतील मृतदिनाची भव्य मिरवणूक पाहावयास केव्हां जावें? दिसावयास साधा प्रवासाचा प्रश्न. परंतु ही मिरवणूक पुरातन नव्हे. २०१५ सालच्या 'स्पेक्टर' या जेम्स बॉण्डच्या चित्रपटाच्या आरंभीं ती कल्पनेनें दाखविली गेली, आणि २०१६ सालीं शहरानें ती खरोखर काढिली! मूळ आचार निराळा. घरीं दिवंगतांसाठीं वेदी मांडावी, स्मशानांत जाऊन थडगीं झेंडूच्या फुलांनीं सजवावीं. (आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा त्याच देशाचा, हें किती जणांस ठाऊक आहे?) जाणता निवेदक मिरवणुकीची तारीख तर सांगतोच, पण तेवढ्यावर न थांबतां एखाद्या कुटुंबाच्या वेदीपाशीं बसावयास मिळेल तर पाहा, असेंही सुचवितो. चित्रपटांच्या प्रश्नांचेंही तसेंच. २०१३ सालीं डिस्ने कंपनीनें या सणाच्या नांवावरच व्यापारी हक्क मिळविण्यासाठीं अर्ज केला होता. लोकांचा रोष पाहून तो मागें घ्यावा लागला. त्याच कंपनीचा 'कोको' हा चित्रपट २०१७ मध्यें आला. तो पाहावा काय, या प्रश्नांत हा सारा इतिहास दडलेला असतो.

परंतु ज्या प्रश्नासाठीं मी हा लेख लिहीत आहें तो वेगळाच आहे. 'आजीच्या गांवीं प्रथमच जात आहें. मला स्पॅनिश धड बोलतां येत नाहीं. तेथील भावंडें हंसतील काय?' अशा मुलांना 'नो साबो' म्हणून हिणवितात. 'मला ठाऊक नाहीं' याला स्पॅनिशमध्यें 'नो से' म्हणावें लागतें. मूल इतर क्रियापदांच्या नियमानें 'नो साबो' म्हणतें. आपलीं बालकें 'केलें' न म्हणतां 'करलें' म्हणतात, तोच हा प्रकार. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ सालच्या पाहणींत, ज्यांस स्पॅनिश थोडकेंच येतें किंवा मुळींच येत नाहीं, अशांपैकीं निम्म्याहून अधिकांनीं सांगितलें कीं, आपल्याच लोकांनीं आम्हांस त्यावरून खजील केलें.

ही भाषा गेली कोठें? टेक्सस संस्थानांत मार्फा नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें मेक्सिकन वंशाच्या मुलांकरितां ब्लॅकवेल नांवाची निराळी शाळा होती. १९५४ सालीं त्या शाळेंत मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहवून घेतले, आणि 'मिस्टर स्पॅनिश' यांची प्रेतयात्रा काढून त्या चिठ्ठ्या निशाणाच्या खांबाजवळ पुरल्या. हें शिक्षकांनीं केलें, शिस्तीच्या व मुलांच्या हिताच्या नांवाखालीं केलें. असा दंडक सोसलेल्या पालकांपैकीं अनेकांनीं आपल्या मुलांशीं स्पॅनिश बोलण्याचें सोडून दिलें, यांत नवल तें काय? शाळेच्या आवारांत मराठी शब्द उच्चारल्याबद्दल दंड घेणाऱ्या शाळा आपणही पाहिल्या आहेत.

म्हणून त्या श्रोत्यास निवेदक प्रेमानें 'लाजूं नकोस, जा' असें सांगतो, तेव्हां तो शाळेनें केलेली एक हानि भरून काढीत असतो. माझी तक्रार एवढीच कीं, कांहीं निवेदक पुढें जाऊन 'भाषेवांचून कांहीं अडत नाहीं' असेंही म्हणतात. वरील पाहणींतही शेंकडा ७८ जणांचें मत असें पडलें कीं, लॅटिनो म्हणवून घेण्यास स्पॅनिश येणें आवश्यक नाहीं. म्हणवून घेण्यास नसेल. पण त्या गांवीं बसलेल्या आजीला इंग्रजी येत नाहीं, आणि तिच्याशीं शेंकडेवारीनें बोलतां येत नाहीं. त्या मुलानें निघण्यापूर्वीं वीस वाक्यें तरी पाठ करावीं, चुकतमाकत बोलावीं, आणि भावंडें हंसलीं तर आपणही हंसावें. निवेदकानें तीं वीस वाक्यें कार्यक्रमांतच म्हणून दाखविलीं, तर त्याच्यासारखा गुरु नाहीं.

ब्लॅकवेल शाळा १९६५ सालीं बंद झाली. इमारत पाडली जाईल अशी भीति उत्पन्न होतांच तेथील माजी विद्यार्थ्यांनींच ती वांचविली, आणि २०२२ सालीं कायद्यानें तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरविण्यांत आलें. प्रवासास निघालेल्या एखाद्या श्रोत्यानें मार्फास काय पाहावें असें विचारल्यास, निवेदकानें तिचें नांव अवश्य सांगावें.